बांध चालू ठेवणारी मशीन

खेळासाठी सर्व्हर बांधायचा म्हटलं की जाणकार माणूस पहिला प्रश्न विचारतो, खेळणारे किती? गोंदियातल्या दुकानदारानंही तोच विचारला.

मी म्हणालो, "एक."

तो हसला. "एक के लिए सर्व्हर? अरे भैया, एक के लिए तो मोबाइल काफी है."

पुढचं मी त्याला सांगितलं नाही. सांगायचं तर हे सांगावं लागलं असतं की तो एक म्हणजे माझा बाप आहे, लकव्यानं त्याची उजवी बाजू गेली आहे, आणि खेळात त्याला फक्त मासे धरायचे आहेत. दुकानाच्या काउंटरवर उभं राहून सांगायची ही गोष्ट नव्हती.

आमचं घर नवेगाव बांधचं. बांध म्हणजे आमचा तलाव. गावाला नावही त्याचंच. बा जन्मभर त्या पाण्यावर जगला. आम्हाला जमीन नाही, कधी नव्हती. माय रोवणीच्या दिवसांत दुसऱ्यांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, जायची आणि बा डोंगा घेऊन पाण्यात. त्यातून मी गोंदियाच्या कॉलेजात शिकलो आणि बी.एस्सी. झालो. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला, आणि हे सांगताना मी आवाज खाली करत नाही. आज नागपूरला एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळायची नोकरी करतो. पदवीचा घरी एक फायदा झाला, की माझ्या शब्दाला वजन आलं. बँकेत काय लिहून दिलं, डॉक्टर काय म्हणाला, तहसीलमधून काय आलं, सगळं मी वाचायचो आणि बा मान डोलवायचा. "पोरगा म्हनते तं खरं," एवढंच म्हणायचा.

लकवा झाला तेव्हाही मीच सांगितलं, की बोलणं परत येईल, पाय थोडा येईल, हाताची मात्र खात्री नाही. बोलणं आलं, जरा जड. पाय काठीवर आला. हात आला नाही. जाळं फेकायला दोन्ही हात लागतात, खांदा लागतो, एक कोपरा दातात धरावा लागतो. बा पडवीत खाटेवर बसून राहू लागला. बांध घरापासून लांब नाही, पण तो तिकडे जायचा नाही. माय म्हणायची, "चाला जी, काठावर तं बसा." बा म्हणायचा, "बसाले का मी बगळा हाय?"

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी होतो. पडवीत बसून लॅपटॉपवर ठोकळ्यांचा एक खेळ खेळत होतो. त्यात सगळं जगच चौकोनी ठोकळ्यांचं असतं. खणा, बांधा, शेती करा, काय वाटेल ते. बा बाजूला बसून कंटाळून बघत होता. माझा माणूस एका तळ्याकाठी आला तसा तो पुढे वाकला.

"हे पानी कुठचं?"

"कुठचंच नाही. खेळातलं हाये."

"मासोऱ्या हायेत?"

"हायेत ना."

मी त्या माणसाच्या हातात गरी दिली, म्हणजे काठी, दोरा आणि गळ. माउस बाच्या डाव्या हाताखाली सरकवला. एक बटण दाबलं की दोरा पाण्यात पडतो. वर छोटं बोंड तरंगतं. मासा आला की पाण्यावर बुडबुड्यांची रेघ बोंडाकडे येते, बोंड बुडतं, आणि त्याच क्षणी परत बटण दाबायचं. जरा आधी दाबलं तरी गेला, जरा उशीर झाला तरी गेला. मी हे समजावत होतो, पण बा ऐकत नव्हता, तो रेघ बघत होता. बोंड बुडालं आणि बाचं बोट त्याच वेळी खाली गेलं. मासा उडून काठावर पडला.

मी लहानपणापासून त्याला मासे धरताना बघत आलो. कधी त्याचा चेहरा असा झालेला पाहिला नव्हता. तो मायला ओरडून म्हणाला, "अवो, इकडं ये. डावा हात चालून राहिला!"

माय कांडलेल्या मिरचीचे हात घेऊन आली, बघितलं आणि म्हणाली, "हो तं. आता हाच रस्सा मांडते चुलीवर."

सुट्टीभर आम्ही तेच केलं. बाला एका हातानं खेळातला माणूस चालवणं जमायचं नाही, म्हणून मी मायच्या मोबाइलवरून दुसरा माणूस घेऊन खेळात शिरायचो, दोघांना नावेत बसवायचो आणि मीच वल्हवायचो. बा तिला डोंगाच म्हणायचा. त्याच्या सांगण्यावरून मी ते तळं आपल्या बांधासारखं करत गेलो. "इथं टेकडी आन. अशी नाही, जरा मागं. इथं पानी खोल पाह्यजे, मरळ इथंच बसते." मरळ त्या खेळात नव्हती. मी शोधून आपल्याकडच्या माशांची भर घातली. बाचा जुना जोडीदार, ज्याच्यासोबत त्यानं आयुष्यभर डोंगा चालवला, तो रोज संध्याकाळी यायचा आणि खाटेच्या कोपऱ्यावर बसून टोमणे मारायचा.

"का बे गड्या, खऱ्या बांधात तं तुले इतक्या कधी भेटल्या नाही."

"तू सोबत होतास ना बे. तुहं तोंड पाहून दूर पराच्या."

सुट्टी संपली. मी लॅपटॉप बॅगेत भरताना बा म्हणाला, "म्हंजे तू गेलास का बांधही गेला?"

गेलाच. ते सगळं जग माझ्या लॅपटॉपमध्ये होतं. नागपुरात माझ्या खोलीत मी ते उघडायचो तेव्हा डोंगा काठाला लागलेला असायचा. मायचा फोन आला की ती शेवटी म्हणायची, "हे विचारून राहिले, बांध केव्हा आनतेस."

म्हणून सर्व्हर. अशी मशीन, जिच्यावर ते जग सतत चालू राहील; मी असो नसो, बानं आपल्या जागेवरून आत जावं. भाड्यानं मुंबईकडची मशीनही घेता आली असती. पण बोंड बुडणं आणि बोट दाबणं यांत जराही अंतर पडू नये, यासाठी मशीन बाच्याच घरात हवी आणि मध्ये साधी तार. मी नागपूरहून इंटरनेटवरून येईन, मला उशीर झाला तर झाला. मला कुठं मासे धरायचे होते?

सोबत बॅटरी लागणार होती, कारण आमच्याकडे वीज आली-गेली चालू असतं. तेही ठरलं. अडलं ते मुख्य मशीनवर. दुकानदाराकडे दोन होत्या. एक कुठल्या तरी मोठ्या ऑफिसातून निघालेली जुनी, लोखंडी, लांबलचक. "टँक है टँक," तो म्हणाला. तिच्यात दोन प्रोसेसर होते आणि कोअर, म्हणजे मशीनचे काम करणारे हात, पुष्कळ, पण एकेक कोअर संथ. दुसरी साधी, लहान, नवीन. कोअर थोडे, पण चपळ. भाव जवळपास सारखाच. दुकानदार टँक विकायला बघत होता, आणि मी ठरवू शकत नव्हतो. कुठं वाचलं होतं की अशा खेळांना चपळ कोअर लागतो. कुठं वाचलं होतं की सर्व्हरला जितके कोअर तितके कमी. मी बाला फोन लावला. मशीन त्याची होती, त्यानं निवडावी असं मला मनापासून वाटलं.

"बा, एका मशीनमंदी हात पुष्कळ हायेत, पन हळू चालतात. दुसरीत हात थोडे, पन लई चपळ. कोनती घेऊ?"

बाला विचार करावा लागला नाही. "महाजारं ओढाले चपळ मानूस कायले पाह्यजे? मानसं पाह्यजे. दोघं चपळ गडी ओढून पाह्य म्हना, चिखलात बसतीन. जास्त हातवाली घे."

मला ते पटलं. मी त्याच घरातला आहे. लहान असताना मोठं जाळं काठाकडे ओढताना मीही दोराला लटकलेलो आहे. माणूस वाढला की जाळं हलकं होतं हे माझ्या तळहातांना माहीत आहे. पुस्तकातलं तितकं पक्कं माहीत नव्हतं. मी टँक घेतला.

तो घरी पोचवणं हाही एक सोहळा झाला. कोहमाऱ्यापर्यंत बसच्या डिक्कीत, तिथून ऑटोत मांडीवर. चालू केला तर आतले पंखे असे घोंगावले की माय बाहेर आली. "हे का धानाची गिरनी आनलीस घरात? भुसा कुठं पाडाचा?" बा मात्र खुशीत. त्याच्या खाटेजवळ टेबल मांडलं, खेळायला एक साधा कॉम्प्युटर आणि त्याचा पडदा ठेवला, टँकला तार जोडली, डाव्या हाताला माउस दिला. बांध उघडला आणि डोंगा तिथंच होता.

पहिले काही दिवस छान गेले. बाच सांगायचा फोनवर, आज मरळ, आज रोहू. मग एकदा म्हणाला, "बाबू, मासोऱ्या कमी वाटते. एवढा मोठा बांध अना पानी रिकामं. पोट भरून मासोरी टाक, तेव्हा तो आपला बांध." मी नागपूरहून मासे वाढवले. भरपूर. पाण्यात थवेच्या थवे दिसू लागले. बानं सांगितलं तसं केल्याचं मलाच समाधान वाटलं.

त्यानंतर मरळ, रोहू असं काही सांगणं त्यानं बंद केलं. मी विचारलं तर म्हणायचा, "हो, चालू हाये." त्याच्या आवाजावरून मी ओळखायला हवं होतं असं कोणी म्हणेल; पण लकव्यानंतर त्याच्या आवाजातून काही ओळखता येत नसे. शेवटी मायनं सांगितलं.

"तुह्या बानं सोडलं ते."

"काऊन?"

"भेटत नाही मासोरी. दाबते तोवर पराते. तो जोडीदार म्हने, का बे, मी खऱ्या बांधातून आलो रिकाम्या हातानं अना तू इथंही रिकामा? त्यानं मजाकमंदी म्हटलं रे. पन हे उठले अना खाटेवर तोंड फिरवून निजले. मले म्हनते, डावाही गेला."

मी नागपूरहूनच मशीनच्या आत बघितलं. एकच कोअर शंभर टक्के जळत होता आणि बाकी सगळे रिकामे. तेव्हा उमगलं. त्या खेळाचं मुख्य काम एकाच हाताला करावं लागतं. पाण्याचा प्रवाह, ऊन, प्रत्येक मासा, बाची गरी, सगळं एकामागे एक, त्याच रांगेतून. बाकीचे हात काठावर उभे राहून बघतात, त्यांना दोराला लागताच येत नाही. मासे कमी होते तोवर तो संथ हात कसाबसा पुरला. थवे टाकल्यावर तो मागे पडत गेला. बाचं बोट वेळेवरच पडत होतं. मशीनला ते उशिरा कळत होतं, आणि तेवढ्यात तिच्या दृष्टीनं मासा गेलेला असायचा.

मला दुःखाच्या आधी हायसं वाटलं, हे खरं सांगतो. हात गेला नव्हता! हे मी बाला सांगितलं की झालं, असंच मला वाटलं.

फोनवर त्यानं ऐकून घेतलं. "हो," म्हणाला, "असन." मी गोंदियाला उतरून ती लहान, चपळ मशीन घेतली, वेगवान डिस्क टाकली, जग तसंच्या तसं तिच्यावर नेलं. एकही मासा कमी केला नाही, एकही जास्त टाकला नाही. घरी नेऊन जोडली. आवाज इतका कमी की माय म्हणाली, "हे चालू हाये का मेली?"

बा बसायला तयार नव्हता. जोडीदार आला होता, त्यालाही वाईट वाटत असावं, तो म्हणाला, "बस बे गड्या, मी तोंड बंद ठेवतो." बा बसला. दोरा टाकला. बुडबुड्यांची रेघ आली, बोंड बुडालं, बोट पडलं. मासा काठावर. दुसरा. तिसरा. एकही चुकला नाही. जोडीदार तोंड बंद ठेवायचं विसरला. "अबे वा! पोरानं तं बापाले पाटील केलं!"

बानं माउस सोडला.

मी म्हणालो, "काऊन थांबलास बा?"

तो पडद्याकडेच बघत होता. "सोपं केलंस तू."

"मी काही नाही केलं. मशीन बदलली फक्त."

"एकही सुटली नाही. अशा कधी भेटते का मासोऱ्या? तू लहान होतास तेव्हा मी तुह्या गळाले मेलेली मासोरी लावाचो पान्याखालून. तू नाचाचास. तसं केलंस तू माह्यासंगं."

"तसं नाही बा. माही शपत."

"बाबू, मले राग नाही आला. तू चांगल्यासाठीच केलंस."

हेच वाईट होतं, की राग नव्हता. मी त्याच्या समोर जुना टँकही जोडला, बाचा पडदा आणि माझा लॅपटॉप शेजारी ठेवले, दोन्हीवर तेच पाणी दाखवलं. म्हटलं, इथं दाब, आता इथं दाब, फरक बघ. त्यानं दाबलंही, माझ्या समाधानासाठी. टँकवर मासा पळाला, नवीनवर आला. मग माझ्याकडे बघून हसला, त्याचं अर्ध्या तोंडाचं हसू.

"दोन्ही तुह्याच हायेत ना रे."

बँकेचा कागद, डॉक्टरचं पत्र, तहसीलची नोटीस, सगळ्यांत माझा शब्द चालला. आणि जिथं मी त्याला फक्त एवढंच सांगत होतो की तुझं बोट वेळेवर पडतं, तिथं त्याला माझ्या शब्दात शब्द दिसेना, माया दिसू लागली. मायेवर कोण विश्वास ठेवतो? आजारी माणूस तर मुळीच नाही.

नंतर मी बरेच उपाय केले. मासे कमी करून पाहिले, म्हणजे वाट पाहावी लागेल आणि त्याला खरं वाटेल. त्याला वाटलं आता मी अवघड करून खरं भासवतो आहे. जोडीदाराला बसवलं, त्याला एकही धरता आला नाही, तो शिव्या देत उठला. बा म्हणाला, "त्याले कशाले येईन? त्याच्यासाठी सोपं नाही केलं पोरानं." एकदा शंका बसली की प्रत्येक पुरावा तिच्याच बाजूनं बोलायला लागतो. मी पदवीधर असून या एका गोष्टीपुढे हरलो.

बा परत पडवीत बसू लागला. लोकांशी बोलायचा, काठीवर नाक्यापर्यंत जायचा, जेवायचा. बाहेरून बघणारा म्हणेल, माणूस बरा आहे. फक्त मासोरी हा शब्द त्याच्या बोलण्यातून गेला. घरात मासे आणलेले असले तर "आज भाजी का हाये?" असं विचारायचा.

मशीन मात्र मी बंद केली नाही. बंद करायला हात होईना. रविवारी दुपारी नागपुरात खोलीवर जेवण झालं की मी लॅपटॉपवरून त्या बांधात शिरायचो, डोंग्यात एकटाच बसायचो, दोरा टाकायचो. बानं जिथं मरळ बसते म्हटलं होतं, तिथं. मासे येत होते. मशीन चांगली होती, खरंच चांगली होती.

अशाच एका रविवारी मायचा फोन आला.

"अरे, ह्या मशीनचा दिवा लुकलुक करून राहिला. हे विचारते, आत कोन हाये."

"मी हावो."

ती फोन तोंडापासून दूर नेऊन बाला म्हणाली, "पोरगाच हाये." मग पलीकडून त्याचा जड आवाज, शब्द नीट कळले नाहीत. माय परत आली. "विचारते, काही भेटलं का."

किती महिन्यांनी त्यानं हे विचारलं होतं. माझ्या काठावर तेव्हा मासेच मासे पडले होते. आणि मला सुचलं, की मलाही मिळत नाही असं म्हटलं, तर त्याला वाटेल दोष मशीनचा आहे, हाताचा नाही. जे खरं सांगून जमलं नाही ते खोटं सांगून जमेल. मी म्हणालो, "नाही माय. सांग त्याले, दुपारपासून बसून हावो, एकही नाही. मशीनच खराब हाये वाटते."

तिनं सांगितलं. पलीकडे बा काहीतरी पुटपुटला. रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रॅक्टरचा आवाज येत राहिला.

"का म्हनते?" मी विचारलं.

सांगू की नको असं मायचं झालं असावं. "म्हनते, मशीनचं नोको सांगू. म्हनते, आपल्या घरातूनच गेला तो हात. माहा गेला तं गेला, पोरात आलाच नाही."

"फोन दे त्याले."

"उठून गेले रे आंगनात."

मी म्हणालो, बरं. तिनं विचारलं, जेवलास का, मी म्हणालो, जेवलो. फोन ठेवला. पडद्यावर बोंड बुडत होतं आणि वर येत होतं, बुडत होतं आणि वर येत होतं, आणि मी बटण दाबलं नाही.